लाल दिव्याचे म्हणणे

गेल्या दसऱ्याला आमच्याकडे विजेवर चालणारी मोटार आली. चिरंजीवांनी आणि सूनबाईंनी दोघांच्या पगाराचा मेळ घालून ती घेतली होती. बॉनेटवर हळदकुंकू वाहिले गेले, झेंडूचा हार चढला, चाकांखाली लिंबे फुटली, पेढे वाटून झाले. नातवाने पुढच्या सीटवर बसून, गाडीला आवाजच नाही, अशी तक्रारही नोंदवली. संध्याकाळी ती पहिल्यांदा ‘चार्ज’ करायची वेळ आली तेव्हा पार्किंगमध्ये निम्मी सोसायटी जमली होती. जिन्याखालच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटमध्ये चिरंजीवांनी गाडीबरोबर आलेल्या चार्जरचा प्लग खोचला, खटका दाबला आणि चार्जरवर लाल दिवा लागला.

लागायला हवा होता हिरवा. प्लग काढून पुन्हा खोचला, पुन्हा लाल. पुस्तिका उघडली. तिच्यात लिहिले होते की अर्थिंग सापडत नसेल तर हा दिवा लागतो आणि अर्थिंग मिळेपर्यंत चार्जर गाडीला वीज देत नाही. सणाचा दिवस, जमलेली मंडळी आणि नव्याकोऱ्या गाडीचा असा रुसवा! कोणीतरी वायरमनला फोन केला. आमच्या इमारतीची कामे तो वीस वर्षे करतो आहे. मध्यरात्री फ्यूज गेला तरी येणारा, हाताला यश असलेला माणूस. त्याने टेस्टर लावून पाहिला आणि हसून म्हणाला, “काही नाही हो काका. अर्थिंग मागतोय तो. सॉकेटच्या आत न्यूट्रलवरून अर्थला एवढीशी वायर टाकतो. पाच मिनिटांत हिरवा. बाकीच्या सोसायट्यांत असंच करतात.”

मी म्हणालो, “मग टाका की.”

हे दोन-तीन शब्द मी इतक्या सहजपणे उच्चारले, म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला. कारण वायरमन पान्हा-पक्कड काढत असतानाच तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा खाली आले. अण्णा वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांनी काय चालले आहे ते विचारले, ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला : “उद्या पहाटे ही गाडी कोण धुणार?”

प्रश्न कोणालाच कळला नाही. गाड्या धुणारा मुलगा रोज पहाटे पाच वाजता येतो. अनवाणी, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात ओले फडके. आमच्या इमारतीतल्या बावीस गाड्या तो सात वाजायच्या आत पुसून काढतो. पण त्याचा आणि या लाल दिव्याचा काय संबंध?

संबंध होता, आणि तो अण्णांनी त्या रात्री जिन्याच्या पायरीवर बसून मला समजावून सांगितला.

न्यूट्रलची उसनवारी

आपल्या घरातल्या तीन छिद्रांच्या सॉकेटमध्ये तीन तारा येतात. फेजमधून वीज येते, न्यूट्रलमधून परत जाते. तिसरी, वरच्या मोठ्या छिद्रातली अर्थची तार एरवी काहीच करत नाही. उपकरणाच्या धातूच्या अंगाशी जोडलेली ही तार दुसऱ्या टोकाला जमिनीत पुरलेल्या पट्टीला किंवा नळीला जाऊन मिळते. उपकरणात कुठे बिघाड होऊन धातूच्या अंगात वीज उतरली, तर तिला माणसाच्या देहापेक्षा सोपी वाट मिळावी, एवढ्यासाठी ती वर्षानुवर्षे तिष्ठत उभी असते. घरातल्या जुन्या नोकरासारखी. काम पडत नाही म्हणून तिची आठवण राहत नाही, आणि एक दिवस ती कधीच सोडून गेल्याचे लक्षात येते.

जुना फ्रिज किंवा मिक्सर अर्थिंग आहे की नाही याची चौकशी करीत नाही. मोटारीचा चार्जर करतो. वीज सोडण्यापूर्वी तो अर्थिंग आहे का ते तपासतो. वायरमन जी ‘एवढीशी वायर’ टाकणार होता, ती त्या तपासणीला दिलेले खोटे उत्तर होते. माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. नमुना-सही आणि धनादेशावरची सही ताडून पाहण्यात तरुणपण गेले म्हणा ना! त्यामुळे मला हे चटकन उमगले. चार्जर सही मागत होता आणि आम्ही न्यूट्रलकडून तिची नक्कल करून घेणार होतो.

रोजचा व्यवहार सुरळीत असेपर्यंत ही नक्कल खपून जाते. हिरवा दिवा लागतो, गाडी चालते, वायरमनला लोक दुवा देतात. पण समजा, मीटर रूमपासून सॉकेटपर्यंत येणाऱ्या न्यूट्रलचा एखादा स्क्रू ढिला झाला आणि तार सुटली. परतीची वाट बंद. पण त्या न्यूट्रलवरचे दिवे आणि उपकरणे सुरूच असतात. त्यांच्यातून आलेली वीज तुटलेल्या न्यूट्रलवर साचते, जंपरवरून अर्थच्या तारेत शिरते आणि त्या तारेने थेट मोटारीच्या पत्र्यापर्यंत पोहोचते. किंवा पुढे कधी दुरुस्ती करताना कोणाच्या हातून फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली, तर त्याच क्षणी साऱ्या गाडीच्या अंगावर २३० व्होल्ट येतात. चार्जरच्या पेटीतले संरक्षणही अशा वेळी उपयोगी पडेल असे नाही. कारण ही वीज त्याच्या पाळतीवरच्या वाटांनी येत नाही, अर्थच्या वाटेने येते.

आणि गाडीला मात्र काहीच होत नाही. ती चार रबरी टायरांवर उभी असते. ठिणगी नाही, धूर नाही, आवाज नाही. आत बसलेल्याला काही जाणवत नाही. जमिनीवर उभा राहून गाडीला हात लावणारा जो पहिला माणूस येईल, त्याच्यातून ही वीज वाट काढते. आमच्याकडे तो पहिला माणूस पहाटे पाच वाजता, ओल्या फरशीवर, अनवाणी, ओले फडके घेऊन येणार होता.

अण्णांचा प्रश्न मला कळला तेव्हा पोटात खड्डा पडला. वायरमनला मी दोष देत नाही. त्याला दिवा हिरवा करायला बोलावले होते आणि तो दिवा हिरवा करणार होता. ‘टाका’ म्हणणारा मी होतो.

गीझर आणि मोटार

दुसऱ्या दिवशी मी माझी बाजू मांडायचा प्रयत्न केला. “अहो अण्णा, पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर आपण गीझर चालवतोच ना?”

अण्णांनी मला आकडेमोड करायला लावली, आणि आकड्यांपुढे मी कायमच हरत आलो आहे. दोन किलोवॅटचा गीझर साधारण पावणेनऊ अँपिअर वीज घेतो आणि पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडीबरोबर येणारा साधा चार्जर ३.३ किलोवॅटचा; तो चौदा अँपिअरच्या वर घेतो. तीस युनिटांची रिकामी बॅटरी भरायला त्याला नऊ-दहा तास लागतात. म्हणजे सॉकेट आपल्या मर्यादेच्या काठावर रात्रभर उभे! आणि तेही सगळे झोपलेले असताना.

उष्णतेचा हिशेब त्याहून चमत्कारिक आहे. सैल सॉकेटमध्ये पिन नीट पकडली जात नाही आणि तेवढ्या जागी विजेला अडथळा होतो. हा अडथळा अगदी एक दशांश ओहम धरला, तरी गीझरच्या वेळी तिथे सात-आठ वॅट उष्णता निर्माण होते. मोटारीच्या वेळी वीस वॅट. कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. भिंतीवरचा ७.४ किलोवॅटचा मोठा चार्जर ३२ अँपिअर घेतो. त्याच्या जोडणीत इतकाच सैलपणा राहिला, तर शंभर वॅट. पूर्वी आपल्या बैठकीच्या खोलीत शंभराचा बल्ब असायचा. त्याला हात लावून पाहिलेल्यांना जास्त सांगायला नको. तो बल्ब प्लास्टिकच्या सॉकेटच्या आत, बोटभर जागेत, रात्रभर जळतो आहे अशी कल्पना करावी. सॉकेट पिवळे पडणे, प्लग काढताना हाताला चटका बसणे, जळकट वास येणे, या त्या आधीच्या सूचना असतात.

आमचे जिन्याखालचे सॉकेट मुळात पाण्याची टाकी धुणाऱ्यांच्या पंपासाठी बसवलेले. इमारत १९८७ सालची, तार त्याच काळातली ॲल्युमिनियमची. ती किती जाड आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यावर पॅसेजचे दिवेही होते. लाल दिव्याने अर्थिंगसाठी अडवले नसते, तर पुढचे दुखणे या तारेने काढले असते.

नियम काय सांगतात

मी बँकेतला माणूस. परिपत्रक वाचल्याशिवाय चैन पडत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीजसुरक्षेच्या विनियमांत २०१९ साली दुरुस्ती करून विजेच्या वाहनांच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र प्रकरण घातले. २०२३ साली हे विनियम नव्याने आले आणि त्यातही ते प्रकरण आहे. भाषा सरकारी, पण एकेका कलमामागचे कारण शोधत गेले, की त्या कलमात एक माणूस दिसू लागतो.

सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर हवे, असे एक कलम. म्हणजे साधारण कमरेएवढे. पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरते, आणि एरवीही झाडलोट करणाऱ्या बाई बादलीभर पाणी फरशीवर फेकतात. त्यासाठी ही उंची.

एक्स्टेन्शन कॉर्ड लावायची नाही, ॲडॅप्टर लावायचा नाही, इकडून तिकडे नेता येणारा सॉकेट-बोर्ड वापरायचा नाही. जितके जोड अधिक, तितक्या सैल जागा अधिक. आणि शंभराच्या त्या बल्बची गोष्ट आत्ताच झाली. गुंडाळी न सोडता वापरलेली एक्स्टेन्शन तर स्वतःच्याच उष्णतेत शिजते.

चार्जिंगची जागा अशी हवी, की उभ्या गाडीच्या जोडणीचे तोंड चार्जिंग पॉइंटपासून पाच मीटरच्या आत येईल. त्याहून लांब केबल वाटेत लोळते. तिच्यावरून दुसऱ्याच्या गाडीचे चाक जाते आणि अंधारात एखाद्या आजीचा पाय अडखळतो.

प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतंत्र सर्किट हवे. पॅसेजचा दिवा, पंप, वॉचमनचा पंखा आणि मोटार एका तारेवर नको. त्या सर्किटला अतिरिक्त प्रवाह रोखणारे स्वतःचे साधन हवे. अर्थिंग निकामी झाले तर वीज आपोआप तोडणारी व्यवस्था हवी. आमचा लाल दिवा म्हणजे या कलमाचीच अंमलबजावणी होती! आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे : ३० मिलिअँपिअरहून अधिक गळती होताच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारे, किमान ‘टाइप ए’ दर्जाचे गळतीरोधक साधन हवे. आपण ज्याला आरसीसीबी म्हणतो, ते हे.

याच्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आमच्या सभेत अर्ध्या सभासदांची समजूत ‘एमसीबी आहे ना, मग झाले’ अशी होती. एमसीबी तारेचे रक्षण करतो. ३२ अँपिअरचा एमसीबी ३२ अँपिअरच्या बऱ्याच वर गेल्याशिवाय जागा होत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र हाताचे स्नायू आखडून धरलेली वस्तू सोडता येईनाशी व्हायला सुमारे दहा मिलिअँपिअर पुरतात. तीस मिलिअँपिअर म्हणजे त्या एमसीबीच्या आकड्याचा हजारावा भाग. माणूस चिकटून राहिला तरी एमसीबीच्या लेखी काही घडलेलेच नसते.

आरसीसीबीचे काम आमच्या कॅशियरसारखे. सकाळी किती रोकड दिली, संध्याकाळी किती परत आली, याचा ताळा. फेजमधून जितकी वीज गेली तितकीच न्यूट्रलमधून परत यायला हवी. कमी आली तर उरलेली कुठेतरी दुसरीकडे, बहुधा कोणाच्या तरी देहातून, जमिनीत गेली. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की तो तीन दशांश सेकंदाच्या आत शटर खाली ओढतो. कॅशियर चहा पिऊन येतो म्हणत नाही.

यात एक बारकावा आहे. बाजारात स्वस्त मिळणारा ‘टाइप एसी’ आरसीसीबी फक्त आपल्या नेहमीच्या आलटून-पालटून वाहणाऱ्या विजेची गळती ओळखतो. मोटारीची बॅटरी एकाच दिशेने वाहणाऱ्या, म्हणजे डीसी विजेवर चालते. चार्जिंगच्या वेळी काही बिघाड होऊन ती डीसी वीज गळू लागली, तर या साध्या आरसीसीबीचे डोळे दिपल्यासारखे होतात आणि त्याला दुसरी गळतीही दिसेनाशी होते. म्हणून किमान ‘टाइप ए’. आणि सहा मिलिअँपिअरच्या वर डीसी गळती झाली तर वीज तोडण्याची सोय चार्जरमध्येच आहे, याची खात्री. ती नसेल तर महाग असला तरी ‘टाइप बी’. दुकानदाराला हे नाव घेऊन विचारावे. ‘एकच असतं हो सगळं’ असे उत्तर आले, तर दुसरे दुकान गाठावे.

फरशीखालचे अर्थिंग

परवानाधारक विद्युत ठेकेदाराला बोलावल्यावर पहिला शोध लागला तो आमच्या अर्थिंगचा. ते होतेच कुठे? अण्णा सांगत, की पूर्वी कुंपणाजवळ एक खड्डा होता. त्यात कोळसा आणि मीठ भरलेले असे आणि उन्हाळ्यात वॉचमन त्यात बादलीभर पाणी ओतत असे. मग आम्ही हौसेने आवारात पेव्हर ब्लॉक बसवले. खड्डा त्याखाली गाडला गेला आणि पाणी ओतण्याची आठवणही त्याबरोबर गेली. चार ब्लॉक उचलून पाहिले तर खाली पट्टीचा गंजून भुगा झालेला.

ठेकेदाराने उपकरण लावून अर्थिंगचा रोध मोजला. साठ ओहमच्या पुढे काटा गेला. मला त्यातले काही कळले नाही, तेव्हा त्याने भागाकार करून दाखवला. २३० व्होल्ट भागिले साठ ओहम, म्हणजे जेमतेम पावणेचार अँपिअर. गाडीच्या किंवा पंपाच्या पत्र्यात वीज उतरली, तर जमिनीकडे एवढीच जाईल, फ्यूज उडणार नाही आणि पत्रा तसाच जिवंत राहील. अडतीस वर्षांच्या या इमारतीत चाळीस बिऱ्हाडे. गीझर, वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, लिफ्ट. आणि हे सांगितले कोणी? तर एका चार्जरच्या लाल दिव्याने.

सभा

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा झाली. चहा गार होईपर्यंत गरम चर्चा. “आग लागली तर जबाबदार कोण?” “वीज सगळ्यांची आणि गाडी यांची?” “परवानगीच देऊ नका, म्हणजे प्रश्नच नको!”

शेवटच्या सूचनेला टाळ्या पडल्या. मला मात्र शेजारच्या इमारतीतले दृश्य आठवत होते. तिथल्या समितीने परवानगी नाकारली आहे. परिणाम असा, की दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक केशरी वायर आंब्याच्या फांदीवरून खाली उतरते आणि रात्री स्कूटरला जाऊन मिळते. पहाटे ती गुंडाळून वर ओढली जाते. नाही म्हटल्याने चार्जिंग थांबलेले नाही. ते अंधारात गेले आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनीच घरी आणि कार्यालयात खाजगी चार्जिंगला मुभा दिली आहे. तेव्हा प्रश्न परवानगी द्यायची की नाही, हा नाहीच. कशी द्यायची, एवढाच आहे.

अण्णांनी मग एका पानाचा मसुदा वाचला. ज्याची गाडी, त्याच्या स्वतःच्या मीटरवरून मीटर रूमपासून थेट त्याच्या पार्किंगपर्यंत स्वतंत्र लाइन. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच, आणि काम झाल्यावर त्याच्या सहीचा चाचणी अहवाल सोसायटीच्या फाइलला. वाढीव भार महावितरणकडून आधी मंजूर करून घ्यायचा. मोठ्या चार्जरला तांब्याची किमान सहा चौरस मिलिमीटरची केबल. अंतर लांब असेल तर दहाची. चाक किंवा उंदीर लागेल अशा जागी आर्मर्ड. उघड्यावरची पेटी पाण्याचा फवारा सोसणारी, म्हणजे ‘आयपी ५५’ किंवा त्याहून वरच्या दर्जाची. कारण आमच्याकडे गाड्या पाइपने धुतल्या जातात. एमसीबीवर फ्लॅटचा क्रमांक ठळक लिहिलेला, म्हणजे प्रसंगी वॉचमनलाही कोणता खटका पाडायचा ते कळेल. सामाईक अर्थिंगचे काम सोसायटीच्या खर्चाने, कारण ते चाळीस घरांचे आहे.

भाराबद्दल मात्र अण्णांनी सर्वांना सावध केले. चाळीस घरांनी ७.४ किलोवॅटचे चार्जर बसवले आणि रात्री दहाला एकदम सुरू केले, तर ते जवळजवळ तीनशे किलोवॅट होतात. इमारतीला येणारी केबल त्यासाठी टाकलेली नाही. पण इतकी घाई कोणाला आहे? विजेची मोटार एका युनिटमध्ये साधारण सहा-सात किलोमीटर जाते. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला सहा-सात युनिटे पुरतात, आणि ती ३.३ किलोवॅटचा लहान चार्जरही दोन-अडीच तासांत देतो. रात्र आठ तासांची असते. लहान चार्जर घ्यावा, वेळा वाटून घ्याव्यात. पूर्वी वाड्यात नळाच्या वेळा वाटून घेतच होतो की आपण.

एका भगिनीने विचारले, “आमच्याकडे नुसती स्कूटर आहे, आम्हाला हे काही लागू नाही ना?” भार कमी, म्हणून मोठ्या लाइनची गरज नाही, पण अर्थिंग, आरसीसीबी आणि घट्ट सॉकेट ही तिन्ही त्यांनाही हवीत. सुटी बॅटरी घरात आणत असाल, तर ती दारापाशी, जिन्यात किंवा सोफ्यावर ठेवून चार्ज करू नये. दुर्दैवाने ती पेटलीच, तर बाहेर पडायची वाट तीच अडवते. गाडीबरोबर आलेलाच चार्जर वापरावा आणि शक्यतो जागे असताना लावावा.

ठराव एकमताने झाला असे म्हणणार नाही. सात जण विरोधात होते. त्यातले दोघे आता आपल्या गाडीसाठी ठेकेदाराचा पत्ता विचारून गेले आहेत.

हिरवा दिवा

या सगळ्यात आठ आठवडे गेले. तेवढे दिवस नवी गाडी ऑफिसजवळच्या सार्वजनिक केंद्रावर चार्ज होत होती, आणि चिरंजीव माझ्याशी जरा तुटकच बोलत होते. “बाबा, बाकीच्या लोकांचं पाच मिनिटांत होतं,” असेही एकदा म्हणाले. खर्चही झाला. पण गाडीच्या किमतीशेजारी तो आकडा मांडून पाहिला, तेव्हा गाडीच्या सीट कव्हरांवर घासाघीस न करणारी आपण माणसे आरसीसीबीवर घासाघीस का करतो, याचे मला नवल वाटले.

नवे अर्थिंग मोजले तेव्हा काटा तीन ओहमच्या आत थांबला. त्या संध्याकाळी चिरंजीवांनी प्लग लावला. निम्मी सोसायटी आता जमली नव्हती. अण्णा, मी आणि नातू, तिघेच होतो. दिवा हिरवा लागला. मग अण्णांनी नातवाला उचलून धरले आणि आरसीसीबीवरचे ‘टी’ लिहिलेले बटण दाबायला लावले. खट्! वीज गेली, दिवा विझला. नातू घाबरून म्हणाला, “मी बिघडवलं?” अण्णा म्हणाले, “नाही रे. तो जागा आहे की नाही ते बघितलं आपण.” दर महिन्याच्या एक तारखेला हे बटण दाबायचे काम आता त्याच्याकडे आहे. बटण दाबूनही आरसीसीबी पडला नाही, तर तो बदलेपर्यंत गाडी लावायची नाही, हेही त्याला पाठ झाले आहे.

मला पहाटे लवकर जाग येते. परवा गॅलरीत उभा होतो. खाली तो मुलगा आला, बादली ठेवली, आमच्या गाडीची केबल बाजूला सारली आणि डावा तळवा बॉनेटवर सपाट टेकून उजव्या हाताने काच पुसू लागला. पायांखाली पाणी साचले होते. भिंतीवर हिरवा दिवा होता. काही वेळाने त्याने फडके पिळले आणि तो पुढच्या गाडीकडे गेला.